मेहंदीचे दहा

यंदा आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, घरात बायकोची घागर भरली, ती गेल्यानंतरची पहिली. मातीची घागर, वर छोटं मडकं, त्यावर खरबूज. सांजोऱ्या शेजारच्या सूनबाईने करून दिल्या, मला कुठे येतात. घास टाकला, पाणी सोडलं, चार माणसं जेवून गेली. मग दुपारी मी खाटेवर आडवा झालो. बाहेर जळगावचं ऊन. डोळा लागला की नाही माहीत नाही, पण दवाखाना आला.

तो असाच येतो. मी जात नाही, तोच येतो. लांब व्हरांडा, वाळ्याच्या ओल्या पडद्यांचा वास, फिनेल, आणि कुठेतरी आत ते मशीन टुकटुक वाजतंय. पांढऱ्या साडीत ती एका खाटेवरून दुसऱ्या खाटेकडे जाते. पायांचा आवाज होत नाही. मी बादली घेऊन उभा. हाक मारावी तर तोंड उघडत नाही. जाग येते तेव्हा उशी ओली असते. घामाने की कशाने, ते मी बघत बसत नाही.

आम्ही साक्रीकडचे. लग्नानंतर तिसऱ्या वर्षी जळगावला आलो. एका बाळंतपणाच्या दवाखान्यात मला वॉर्डबॉयचं काम मिळालं. वॉर्डबॉयला सगळे मामा म्हणतात, मलाही म्हणायचे. मी चौथी, ती सातवी. ती आधी आया म्हणून लागली. डॉक्टरसाहेबांनी तिचा हात बघितला आणि दोन-तीन वर्षांत तिला सिस्टर केलं. कोर्स नाही, सर्टिफिकेट नाही. तेव्हा खाजगीत तसं चालायचं. सगळे तिला अक्का म्हणायचे, साहेबसुद्धा. दवाखान्याच्या मागे एक खोली होती, ती कामाबरोबर मिळालेली. काम गेलं की खोली गेली, हे आम्हाला दोघांना कोणी न सांगता माहीत होतं.

साहेबांनी हात बघितला म्हणजे काय, ते सांगतो. ती बाईच्या खाटेवर टेकायची, मनगट धरायची आणि गप्पा सुरू. तुझं गाव कोणतं, सासू कशी आहे, म्हैस किती दूध देते. बाईला वाटायचं अक्का बोलायला बसली. पण तिची बोटं नाडीवर आणि डोळे पदराला पिनने लटकवलेल्या घड्याळावर. बोलता बोलता खालचा ओठ उलटून बघायची, नखं दाबून बघायची. उठताना कागदावर आकडा. नाडी मोजताना बाईची भीती कमी व्हायची, तीही ती मोजायची की काय कोण जाणे. घरीसुद्धा माझं मनगट धरूनच बोलायची. मी म्हणायचो, सोड, मी काय पेशंट आहे का.

मग ते मशीन आलं. नव्वदच्या पुढची सालं असतील. टिफिनच्या डब्याएवढं खोकं, त्याला वायर, वायरीला चिमटा. चिमटा बोटाला लावायचा. आत लाल दिवा लागायचा आणि बोट आतून पेटल्यासारखं दिसायचं, कंदिलाच्या काचेवर हात धरला तर दिसतं तसं. खोक्यावर दोन लाल आकडे उमटायचे, काड्या जुळवून केल्यासारखे. खालचा नाडीचा, वरचा रक्तात हवा किती खेळते त्याचा. साहेबांनी सगळ्यांना उभं करून सांगितलं, "हा वरचा आकडा नव्वदच्या खाली गेला की मला हाक मारायची. जेवत असलो तरी, झोपलो असलो तरी. आपलं डोकं चालवायचं नाही."

तिला पहिल्यांदा ते आवडलं नाही. मला म्हणाली, "हाई मशीन मना हात काढी ल्हयी." हे मशीन माझा हात काढून घेईल. पण महिनाभरात तीच म्हणायला लागली की बरं आहे. खाटा सोळा, सिस्टर दोन. पूर्वी ऑपरेशन झालेल्या बाईजवळ तिला तास-दोन तास मनगट धरून बसावं लागायचं. आता चिमटा लावला की ती दुसऱ्या बाळंतिणीला बघायला मोकळी. मशीन वाजलं की पळत यायची. पाठ कमी दुखायची. मात्र त्या गप्पा गेल्या. म्हैस किती दूध देते, ते कोणी विचारेना.

बायकांचं मात्र भलतंच सुरू झालं. भेटायला आलेले लोक पेशंटकडे बघायचे नाहीत, खोक्याकडे बघायचे, टीव्ही बघावा तसे. एकदा दोन सासवा शेजारशेजारच्या खाटांपाशी बसलेल्या. एका सुनेला चिमटा लावला तर सत्त्याण्णव. तिथून काढून दुसरीला लावला तर नव्व्याण्णव आणि मग शंभर. ती सासू पदर सावरून म्हणाली, "देखं का? मनी सून शंभरनी शे!"

पहिली कशाला ऐकते. "व्हई व्हई. शंभरनी शे म्हनीसन पोर काळी व्हयनी का?" शंभरची आहे म्हणून पोर काळी झाली का?

अक्का हसून हसून खाटेला टेकली. मीही झाडू टाकून हसलो. असा आवाज होता तिचा हसताना, फुटाणे उडाल्यासारखा. आता तो आवाज आठवायला बसलो तर मशीनचा येतो, तिचा येत नाही.

त्याच उन्हाळ्यात आखाजी आली. आपल्याकडे आखाजीला लेकी माहेरी येतात, निंबाला झोके बांधतात, हातभर मेहंदी लावतात. त्या सालांत पोरी मेहंदीत कसलीशी पुडी मिसळायच्या. रंग लाल नाही, काळा यायचा. बोटांची टोकं नखांसकट बुडवायच्या, शाईच्या दौतीत बुडवावी तशी. आणि माहेरी आलेल्या पोरींचे दिवस भरले की त्या आमच्याकडे.

पहिलीच अशी आली तेव्हा मशीनने ब्याऐंशी दाखवलं आणि बोंब मारायला लागलं. साहेब ताटावरून उठून आले, हात खरकटा. ऑक्सिजनचं सिलिंडर मी ढकलत आणलं. पोरगी आपली गोरीमोरी होऊन सगळ्यांकडे बघतेय, "माले काय व्हयनं?" साहेबांनी चिमटा काढून स्वतःच्या बोटाला लावला. अठ्ठ्याण्णव. मग पोरीच्या कानाच्या पाळीला लावला. सत्त्याण्णव. साहेबांनी तिचा हात उलटा-सुलटा करून बघितला आणि कपाळावर हात मारला. "मेहंदी! मेहंदीतून उजेड जात नाही." मग आम्हाला हुकूम केला, की मेहंदीवाल्या पोरींना कानाला लावा.

हुकूम सोपा होता. पण चिमटा बोटासाठी केलेला. कानाला लावला की सटकायचा, पोरीने मान वळवली की पडायचा, आणि पडला की मशीन पुन्हा बोंबलायचं. अक्का दिवसभरात पन्नास वेळा चिमटा उचलायची. तिसऱ्या दिवशी मीच तिला म्हणालो, "कशाला कानामागे लागते? मेहंदीवाली असली की बोटालाच लाव आणि मेहंदीचे दहा वाढव. शहाऐंशी आलं की शहाण्णव लिही. हिशोब तोच."

ती म्हणाली, "तुम्हले काय समजस त्यामा?"

"चौथीपर्यंतची बेरीज समजते."

ती हसली. आणि वाढवायला लागली. मशीनवर सत्त्याऐंशी, कागदावर सत्त्याण्णव. दुसरी सिस्टर पण वाढवायला लागली. चार-पाच पोरी अशा गेल्या, सगळ्या ठणठणीत घरी गेल्या. मेहंदीचे दहा म्हणजे दवाखान्याचा कायदाच झाला, फक्त साहेबांना माहीत नव्हता.

मग ती पोरगी आली. गिरणेकाठचं माहेर, सासर दीपनगरच्या कॉलनीत. नवरा तिकडे वीज केंद्रात कामाला. आखाजीला आलेली, झोक्यावर बसली नव्हती, नुसती बघत होती, असं तिची आई दहादा सांगायची, जसं कोणी विचारलंच होतं. सकाळी पोट कापून मुलगा काढला. बाराच्या सुमाराला तिला वॉर्डात आणलं. दुखतंय म्हणून साहेबांनी इंजेक्शन सांगितलं, अक्काने दिलं. साहेब जेवायला वर गेले. ते दवाखान्याच्या माडीवरच राहायचे.

ती दुपार मला अजून दिसते. वैशाखातली दुपार म्हणजे सगळं गाव पाण्याखाली गेल्यासारखं वाटतं. रस्त्यावर माणूस नाही, कुत्रं नाही. वॉर्डात कूलर घरघरतोय. पडद्यांतून पिवळा उजेड आत येतोय आणि त्या उजेडात सगळ्या बायका झोपलेल्या. पाळण्यांतली पोरंसुद्धा झोपलेली. त्या पोरीचा काळा हात चादरीवर पडलेला आणि एका बोटात तो लाल दिवा. मला वाटलं, किती शांत आहे सगळं. मला खरंच तसं वाटलं.

मशीन शहाऐंशीवर होतं. अक्काने शहाण्णव लिहिलं आणि पलीकडच्या खाटेकडे गेली, तिथल्या बाईचं सलाईन संपलं होतं. पुन्हा आली तेव्हा पंच्याऐंशी. पंच्याण्णव लिहिलं. मग चौऱ्याऐंशी. चौऱ्याण्णव. मशीन सारखं वाजत होतं. एक पोरगं जागं झालं, रडायला लागलं, त्याच्यामागे दुसरं. मी गेलो आणि मेहंदीवाल्यांचं दाबायचो तसं घंटी बंद करायचं बटण दाबलं. साहेबांनी ते मलाच दाखवलं होतं, लाईट गेल्यावर वाजत बसतं म्हणून.

पोरीची आई म्हणाली, "मामा, ते का ओरडत होतं हो?"

मी म्हणालो, "मेहंदी शे मावशी. घाबरू नका."

आई पुन्हा वारा घालायला लागली. आणि पोरगी डोळे मिटूनच हसली. म्हणाली, "माय, झोका उंच जाई ऱ्हायना." अगदी गोड आवाजात. आई पण हसली. मी पण. पोरीला स्वप्न पडलंय, माहेरचं, निंबाच्या झोक्याचं. पडू दे.

अक्का सलाईनची बाटली अडकवत होती. तिने ते ऐकलं आणि बाटली तशीच माझ्या हातात देऊन आली. खाटेवर टेकली. कितीतरी दिवसांनी मी तिला असं टेकताना बघितलं. कपाळाला हात लावला. त्या उन्हात आमच्या अंगावर घाम टिकत नव्हता, वाळून मीठ होत होतं, आणि पोरीचं कपाळ गार आणि ओलं. मग तिने ओठ उलटला. ओठ आतून जांभळा. छातीकडे बघत बसली, आणि पुढचा श्वास यायला इतका वेळ लागला की मला वाटलं तो आता येतच नाही.

"बलाव सायेबले!" ती ओरडली. चिमटा ओढून फेकला, पोरीची हनुवटी दोन्ही हातांनी वर उचलली. "उठ माय. उठ. श्वास ल्हे. आयकस का? ल्हे श्वास!"

मी अनवाणी पळालो. जिन्याच्या पायऱ्या तव्यासारख्या तापलेल्या. साहेब आले, ऑक्सिजन लावला, उलट इंजेक्शन दिलं. दुखण्याच्या इंजेक्शनने पोरीचा श्वास झोपवून टाकला होता. अर्ध्या तासाने ती डोळे उघडून म्हणाली, तहान लागली. आई खाली बसली ती उठेचना.

साहेबांनी केसपेपर हातात घेतला. शहाण्णव, पंच्याण्णव, चौऱ्याण्णव. पुन्हा वाचला. पोरीचा ओठ बघितला, कागद बघितला. मग सगळ्यांसमोर म्हणाले, "अक्का, आज तुम्ही जीव वाचवला. ओठ जांभळा पडला आणि हे खोकं चौऱ्याण्णव सांगत बसलं. मशीनला कळलं नाही ते तुमच्या हाताला कळलं."

तिने फेकलेला चिमटा उचलून ठेवला. मी झाडू उचलला.

दोन दिवसांत ती गोष्ट सगळ्या वॉर्डात आणि बाहेर पानाच्या टपरीपर्यंत गेली. मशीन हरलं, अक्काचा हात जिंकला. लोकांना ती गोष्ट फार आवडली. रिक्षावाले मला सांगायचे, माझ्याच बायकोची गोष्ट मला. आता तिचा दहावा-तेरावा झाला तेव्हाही दोन जणांनी तीच सांगितली. मी मान हलवली.

खरं असं होतं की या वेळी मशीन अर्धा तास खरं बोलत होतं. आम्ही त्याच्यावर दहा चढवले आणि वर त्याचं तोंड दाबलं.

बाराव्या दिवशी पोरीची आई आली. लुगडं, खण, नारळ घेऊन. अक्काची ओटी भरली आणि पाया पडायला वाकली, वयाने मोठी असून. अक्काने पाय मागे घेतले. त्याच दिवशी साहेबांनी मशीनवाल्याला फोन लावला, तुमचं खोकं घेऊन जा, मला नको. मी मनात म्हटलं, सुटलो. खोकं गेलं की कागद कोण बघतो.

दुपारी खोलीवर ती भाकरी समोर घेऊन बसली होती. लुगड्याची घडी बाजूला, तशीच. म्हणाली, "मशीन जाई ऱ्हायनं. मी सायेबले सांगी देसू."

मी म्हणालो, "गप ऱ्हाय. तुले काढी टाकतीन. कागद शे का तुनाजोडे सिस्टरना? खोली जाई."

"जाऊ द्या."

"साक्रीले जाईसन काय दगड खाशी?"

ती माझ्याकडे बघत राहिली. "उद्या दुसरी पोर इथीन. तिले मशीन नसी आनि मना हात दुसऱ्या खाटवर असी. मंग?" उद्या दुसरी पोर येईल. तिच्याजवळ मशीन नसेल आणि माझा हात दुसऱ्या खाटेवर असेल. मग काय?

मी भाकरी खाल्ली. तिने तिची झाकून ठेवली.

दुसऱ्या दिवशी ओपीडी संपल्यावर ती साहेबांच्या केबिनमध्ये गेली. मी कूलरमध्ये पाणी ओतायच्या निमित्ताने बाहेर. दार अर्ध्या काचेचं, दोघांच्या सावल्या दिसत होत्या. तिने सगळं सांगितलं, मराठीत, साहेबांशी बोलायची तसं नीट. मशीन खराब नव्हतं साहेब. आकडे आम्ही वाढवून लिहिले.

मग साहेब, एकदम हळू, आणि ते हळू बोलणं ओरडण्यापेक्षा वाईट होतं. "दहा वाढवायचं कोणाच्या डोक्यातून निघालं?"

काचेवर तिच्या सावलीने पदर सावरला.

"घंटी वाजली कशी नाही? बटण कोणी दाबलं?"

मी बादली धरून उभा. कूलर कधीच भरला होता, पाणी वरून माझ्या पायांवर येत होतं. दार एका हाताच्या अंतरावर. ढकललं असतं तर उघडलं असतं, त्याला कडी नव्हती.

ती म्हणाली, "वॉर्ड माझा होता, साहेब."

साहेबांनी तिला काढलं नाही. मशीनवाल्याला नेऊ नका म्हणून कळवलं. तिला मात्र वॉर्डातून उठवून केसपेपरच्या खिडकीवर बसवलं, पुढची आखाजी येईपर्यंत. जी बाई सोळा खाटांवर फिरायची ती जाळीमागे बसून नाव, गाव, वय लिहायला लागली. वॉर्डात नवीन फळा लागला, मशीनचा आकडा जसा दिसेल तसा, आणि त्याच्या शेजारी हात लावून काय कळलं ते. दोन रकाने. दोन्ही भरायचे.

खिडकीवर बसून ती कडू झाली असती तर मला बरं वाटलं असतं. ती झाली नाही. दिवस गेलेली प्रत्येक बाई खिडकीशी आली की केसपेपर देताना तिचा हात धरायची आणि सांगायची, "माय, मेहंदी लाव, हौस कर. पण एक बोट कोरं ठेव." कशाला, असं विचारलं तर म्हणायची, "दिव्यासाठी." बायका घरी जाऊन सांगायच्या. एकीने दुसरीला, दुसरीने तिसरीला.

पुढच्या आखाजीला दिवस भरलेल्या पोरी आल्या तेव्हा दोन्ही हात काळेभोर आणि डाव्या हाताचं मधलं बोट कोरं, साय लावल्यासारखं. खिडकीच्या जाळीतून ते बोट तिला दाखवायच्या आणि हसायच्या. त्यात गिरणेकाठच्याही होत्या. साहेबांनी बघितलं आणि तिला वॉर्डात परत घेतलं. त्या दिवशी ती एकेका खाटेवर टेकत गेली, मनगट धरून, म्हैस किती दूध देते विचारत. कोऱ्या बोटात दिवा पेटलेला. मी दारात झाडू धरून बघत होतो. तिने एकदा वर मान करून माझ्याकडे बघितलं. राग नव्हता त्या नजरेत. वाट बघितल्यासारखं होतं काहीतरी.

मी फरशी झाडायला लागलो.

त्यानंतर वीस-पंचवीस वर्षं आम्ही एका घरात राहिलो. तिने तो विषय काढला नाही, मी काढू दिला नाही. साहेब गेले, मग दवाखाना बंद झाला, आता ती गेली. दुपारी डोळा लागला की तेच काचेचं दार येतं आणि पायांवर पाणी येतं. परवा झोपेत मी ते ढकललं. आत साहेब बसले होते, ती उभी होती, तिने मागे वळून बघितलं नाही. मी म्हणालो, बटण मी दाबलं साहेब. दहाही माझेच. आवाज फुटला, हे मला जागं झाल्यावर कळलं, कारण शेजारची सूनबाई दारात येऊन विचारत होती, "आबा, कोणाशी बोलताय?"